जुन्या मोटारीच्या इंजिनाची पारख

छोट्या मोटारींची नोंदणीपत्रे, ज्यांना आपण सरसकट 'आरसी बुक' म्हणतो, शेजारीशेजारी ठेवून त्यांतील घनक्षमतेचा रकाना जर कोणी वाचला, तर एका विलक्षण साम्याचे त्याला नवल वाटल्यावाचून राहणार नाही. मारुतीच्या स्विफ्टचा आकडा ११९७, ह्युंदाईच्या आय-ट्वेंटीचा ११९७, टोयोटाच्या इटिऑस लिवाचाही ११९७. होंडाची ब्रिओ आणि फोक्सवागनची पोलो ११९८ वर, तर फोर्डची फिगो ११९६ वर. जपान, कोरिया, जर्मनी आणि अमेरिका येथील निरनिराळ्या परंपरांत वाढलेल्या कंपन्या एकाच आकड्याच्या उंबरठ्याशी येऊन थबकल्या, याचे कारण यंत्रशास्त्रात शोधण्यात अर्थ नाही. ते दिल्लीच्या अर्थखात्याच्या दप्तरात आहे. २००६ सालच्या अंदाजपत्रकाने, लांबी चार मीटरांच्या आत आणि पेट्रोल इंजिनाची क्षमता १२०० घनसेंटिमीटरांच्या आत असलेल्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले, आणि या सवलतीच्या हद्दीत आपली गाडी कशी बसवावी याच विवंचनेत पुढची कित्येक वर्षे हा सारा उद्योग गढून गेला. परदेशांत १.३ लिटर इंजिनासह विकली जाणारी जॅझ होंडाने भारतात १.२ लिटरची करून आणली. मारुतीने स्विफ्टमधील १२९८चे इंजिन २०१० साली काढून त्या जागी ११९७चे बसवले.

जुन्या बाजारात आज मध्यमवर्गीय कुटुंब ज्या गाड्यांपुढे उभे राहून विचारात पडते, त्यांपैकी पुष्कळशा या एका सवलतीतून जन्मलेल्या आहेत, आणि म्हणूनच 'कोणत्या कंपनीचे इंजिन चांगले?' हा जो प्रश्न प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, त्याचे उत्तर वाटते तितके निर्णायक नसते. एकाच क्षमतेची, साधारण एकाच शक्तीची, एकाच प्रदूषणनियमांना उतरलेली ही इंजिने आहेत. वेळच्या वेळी तेल आणि पाणी मिळाले तर त्यांपैकी बहुतेक दीड-दोन लाख किलोमीटर विनातक्रार चालतात, आणि न मिळाले तर नामांकित जपानी इंजिनही पन्नास हजारांत जमीनदोस्त होते. विश्वसनीयता हा इंजिनाचा अंगभूत गुण म्हणून जितका गायिला जातो तितका तो नसतो. त्यातला मोठा हिस्सा आधीच्या मालकाच्या शिस्तीचा आणि उरलेल्यातला बराचसा आपल्या गावातल्या फिटरच्या परिचयाचा असतो, हे ध्यानात ठेवून खरेदीला निघावे.

तथापि रचनेचा विचार अजिबात करू नये असे नाही. पेट्रोल इंजिनात इंधन पोहोचवण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत पेट्रोलचा फवारा सिलिंडरच्या बाहेर, आत येणाऱ्या हवेच्या वाटेवर, व्हॉल्व्हच्या पाठीवर मारला जातो. दुसऱ्या, नव्या रीतीत तो थेट सिलिंडरच्या पोटात, कितीतरी पट अधिक दाबाने सोडला जातो. पहिल्या रीतीत पेट्रोलच व्हॉल्व्ह धुऊन काढते. दुसरीत ते स्नान व्हॉल्व्हच्या नशिबी नसल्यामुळे वर्षानुवर्षे त्यांच्यावर काजळीची पुटे चढत राहतात, शिवाय उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर हे सुटे भागही महागडे. त्यातच टर्बो असेल, तर निष्कास वायूच्या भयंकर उष्णतेत लक्षावधी फेऱ्यांनी फिरणारे एक चक्र आणि त्याला वंगण पुरवणारी एक बारीक नळी यांची भर पडते, आणि त्या नळीतले तेल आधीच्या मालकाने केव्हा बदलले होते हा प्रश्न आपल्या खिशाशी येऊन भिडतो. टर्बो इंजिनाची गाडी चालवण्याचा आनंद निराळा, हे नाकारण्यात अरसिकता आहे. परंतु ज्याला आठ-दहा वर्षांची गाडी घ्यायची आहे आणि तिच्या दुरुस्तीसाठी ज्याने स्वतंत्र निधी बाजूला काढलेला नाही, त्याने टर्बो नसलेले, बाहेरून फवारा मारणारे, चारचौघांसारखे इंजिन पसंत करावे. त्याबरोबर साधा हाताने बदलायचा गिअरबॉक्स असेल तर अधिकच उत्तम.

अशा साध्या इंजिनांची आपल्याकडे वाण नाही. मारुतीचे ७९६ घनसेंटिमीटरांचे तीन सिलिंडरांचे इंजिन १९८३ सालच्या मारुती ८०० मध्ये कार्बुरेटरसह आले, पुढे बारा व्हॉल्व्ह आणि इंधनफवारा घेऊन आल्टोमध्ये शिरले आणि २०२३ पर्यंत तेथे टिकून राहिले. इतका दीर्घ सेवाकाल लाभलेले दुसरे इंजिन भारतीय रस्त्यांवर विरळाच. त्याहून सरस म्हणावे असे ९९८चे तीन सिलिंडरी 'के-टेन' २००८ साली ए-स्टारमधून आले आणि आल्टो के-टेन, वॅगन-आर यांतून घरोघरी पोहोचले. चार सिलिंडरी 'के-ट्वेल्व्ह' रिट्झ, स्विफ्ट, डिझायर यांत बसले. ह्युंदाईच्या बाजूला सँट्रोचे जुने 'एप्सिलॉन' आणि आय-टेनपासूनचे 'कप्पा', होंडाकडे ब्रिओ-अमेझचे आय-व्हीटेक, टोयोटाकडे लिवाचे १.२ लिटर. यांतले कोणतेही एक निवडले आणि दुसरे न मिळाल्याची हळहळ वाटत राहिली, असे होण्याचे कारण नाही. मला स्वतःला के-ट्वेल्व्हविषयी थोडा पक्षपात आहे, आणि त्याचे कारण यंत्राच्या गुणांपेक्षा ही गोष्ट आहे की त्याचा ऑइल फिल्टर गडहिंग्लजपासून गोंदियापर्यंत कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो.

एक बारकावा मात्र प्रत्येक ग्राहकाने विचारून घेतलाच पाहिजे, तो टायमिंग बेल्टचा. इंजिनाच्या खालच्या आणि वरच्या शाफ्टांची सांगड काही इंजिनांत दातेरी रबरी पट्ट्याने, तर काहींत पोलादी साखळीने घातलेली असते. मारुती ८०० आणि आल्टो ८००, जुनी १.१ लिटरची वॅगन-आर, १.३ची स्विफ्ट, सँट्रो ही सारी पट्ट्याची मंडळी. के-मालिका, कप्पा, होंडाचे १.२ ही साखळीची. साखळी चांगले तेल मिळाले तर सहसा इंजिनाच्या आयुष्याइतकी पुरते. पट्ट्याला मात्र मुदत असते, आणि ती किलोमीटरांत जशी तशीच वर्षांतही मोजायची असते, कारण उभ्या गाडीतही रबर कडक होतच राहते. कित्येक इंजिनांत तो तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि काही हजारांत निभावणारे काम हेड उघडण्यापर्यंत जाते. 'पट्टा केव्हा बदलला?' या प्रश्नाला विक्रेत्याने बिल दाखवले तर ते उत्तर. 'अजून दोन वर्षं बघायला नको' असे म्हटले तर तो बदललेला नाही असेच समजून किंमत करावी.

दुसरा बारकावा गाडीत नसून बाजारात आहे. शेवरोलेची बीट ही आपल्या तळेगावात तयार झालेली गाडी, तिचे १.२ लिटर इंजिनही वाईट नव्हते. परंतु जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली, आणि आज तळेगावचा तो कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात आहे. फियाटचे 'फायर' हे १९८५ पासून युरोपात नावाजलेले इंजिन रांजणगावच्या पुंटोमध्ये होते. फियाटही येथून गेली. फोर्डने २०२१ साली येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, डॅटसनचे नाव २०२२ मध्ये मिटले. या पोरक्या गाड्या स्वस्त मिळतात आणि इंजिनापुरते बोलायचे तर पुष्कळदा सौदा खरोखरच फायद्याचा असतो, पण पुण्यामुंबईत एखादा जाणता फिटर आणि सुटे भाग मिळवून देणारा दुकानदार ज्याच्या ओळखीचा आहे त्यानेच त्या वाटेला जावे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने एका सेन्सरसाठी तीन आठवडे गाडी उभी ठेवण्याची तयारी ठेवावी. मुंबईची फियाट, म्हणजे कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी, आपल्या १०८९ घनसेंटिमीटरांच्या मुळीच अद्ययावत नसलेल्या इंजिनावर इतकी वर्षे टॅक्सी म्हणून राबली, त्याचे मर्म हेच, की तिचा कार्बुरेटर उघडू शकणारा माणूस प्रत्येक नाक्यावर बसलेला होता.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू, कारण खरे परीक्षापत्र तेथेच आहे. विक्रेत्याला आदल्या दिवशी स्पष्ट सांगून ठेवावे, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि सकाळी गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर, मग रेडिएटरच्या वरच्या नळीवर हात ठेवून पाहावा. नळी कोमट लागली तर कोणीतरी पहाटे उठून आपल्या आगमनाची तजवीज केलेली आहे असे समजावे. थंड इंजिन जे दोष बोलून दाखवते ते तापलेले इंजिन गिळून टाकते, हे गाडीबाजारातल्या दलालांना आपल्याहून अधिक चांगले ठाऊक असते. इंजिनाचा कप्पा शाम्पूने धुऊन चकचकीत केलेला असेल तर त्याचेही कौतुक करू नये. गळतीच्या खुणा त्याच पाण्याबरोबर वाहून गेलेल्या असतात. थोडी धूळ बसलेले, कोरडे, न धुतलेले इंजिन हे सर्वांत प्रामाणिक.

मग किल्ली केवळ 'ऑन'पर्यंत फिरवावी आणि गाडी सुरू न करता फलकावरील दिवे पाहावेत. तेलाच्या चिमणीचा लाल दिवा आणि इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा, दोन्ही या वेळी पेटलेच पाहिजेत. पिवळा दिवा पेटतच नसेल तर दोष नाही असा त्याचा अर्थ नव्हे. दोष सांगणाऱ्याचेच तोंड बंद करण्यात आले आहे असा आहे. सुरू केल्यावर लाल दिवा क्षणात विझला पाहिजे. तो रेंगाळला, किंवा इंजिनाच्या वरच्या भागातून प्रारंभी खडखड ऐकू आली, तर तेलाचा दाब उशिरा चढतो आहे, मग कारण जुने तेल असो, पंप असो वा झिजलेले बेअरिंग असो. येथे एक हातचलाखी सांगून ठेवतो : आजच्या इंजिनांना पातळ तेल लागते, आणि आवाज करणाऱ्या इंजिनात दाट तेल ओतले की ते दोन आठवडे सज्जनासारखे वागते. म्हणून तेलाची पट्टी बाहेर काढून दोन बोटांच्या चिमटीत तेल चोळून पाहावे. काळेपणाला भिऊ नये, वापरलेले तेल काळेच असते. मधासारखे दाट आणि संशयास्पद रीतीने कालच घातल्यासारखे सोनेरी असेल तर मात्र 'सर्व्हिस केव्हा केली?' हा प्रश्न विचारण्याची वेळ झाली. तीन सिलिंडरांचे इंजिन उभ्या गाडीत थोडे थरथरते, तो त्याचा स्वभाव. परंतु स्टिअरिंगसकट आसन हलत असेल तर माउंटिंगचे रबर गेले आहे किंवा एखादा सिलिंडर मिसिंग मारतो आहे.

तेल भरण्याच्या झाकणाची आतली बाजू आणि कूलंटची टाकी या दोन जागा अनेक जण विसरतात. झाकणाखाली दुधाळ कॉफीच्या रंगाचा चिकट थर दिसला तर तेलात पाणी मिसळते आहे. रोज दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडासा थर नुसत्या बाष्पानेही जमतो, पण तोच थर तेलाच्या पट्टीवरही असेल तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. टाकीत स्वच्छ, रंगीत कूलंट असावे. नळाचे तांबूस, गंजके पाणी असेल तर अॅल्युमिनियमच्या हेडची आतून झीज सुरू झालेली असण्याचा संभव मोठा. आपल्याकडे आणखी एक अघोरी रिवाज आहे : गाडी तापते अशी तक्रार आली की रस्त्याकडेचा मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतो. गाडी मग तापत नाही हे खरे, पण ती धड ऊबही धरत नाही, पेट्रोल अधिक पिते आणि इंजिन अवेळी झिजते. आठ-दहा किलोमीटर चालवूनही थंड इंजिनाचा निळा दिवा विझत नसेल, किंवा काटा असलेल्या गाडीत तो तळाशीच लोळत असेल, तर हा पराक्रम झालेला आहे असे ओळखावे.

धुराची भाषा पुष्कळांना अर्धवट येते, म्हणून थोड्या तपशिलाने सांगतो. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ निर्दोष असते आणि काही मिनिटांत विरते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेहून अधिक जाते आहे. सेन्सर, इंजेक्टर, हवेचा फिल्टर अशी ही बहुधा आटोक्यातली दुखणी. निळा धूर तो खरा शत्रू, कारण तो तेलाचा. पण निळ्या धुरातही भेद आहे. गाडी पाच मिनिटे उभ्याने सुरू ठेवून मग एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा झोत येऊन थांबला, तर व्हॉल्व्हची रबरी सील कडक झाली आहेत, आणि ते काम सोसण्याजोगे असते. धावताना, वेग घेताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजले आहेत, म्हणजे इंजिन उतरवणे आले. याची उत्तम कसोटी घाट. खंबाटकी वा कसारा जवळ असेल तर उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये, पाय अॅक्सिलरेटरवरून पूर्ण काढून गाडी किलोमीटरभर घरंगळू द्यावी आणि सपाटीला आल्याबरोबर जोर द्यावा. उतारावर सिलिंडरात निर्माण झालेली निर्वात ओढ व्हॉल्व्हच्या बाजूने जे तेल खेचते ते त्या क्षणी बाहेर पडते आणि मागून मोटारसायकलवर येणाऱ्या आपल्या मित्राला स्पष्ट दिसते. चढावर मात्र मागे पाहण्याऐवजी पुढे पाहावे : आताच्या कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, केवळ लाल दिवा असतो, आणि तो पेटेपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते.

एवढ्याने समाधान झाले आणि सौदा ठरण्याच्या बेताला आला, तर बयाना देण्यापूर्वी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. ही तपासणी करताना मी एका वयोवृद्ध फिटरला पुष्कळदा पाहिले आहे. चारही प्लग काढून तो ते ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने एका फडक्यावर मांडत असे आणि यंत्राला हात लावण्याआधी त्यांच्याकडेच बराच वेळ पाहत राही. फिक्या बिस्किटी रंगाचे तीन आणि तेलकट काळा एक, असे दिसले की गाडीवाल्याकडे न पाहता, ज्याने त्याला आणले असेल त्या ग्राहकाला तो हलकेच म्हणे, "साहेब, तिसरं भांडं बघून घ्या." मग पेट्रोलचा पुरवठा तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, एकेका भांड्याच्या, म्हणजे सिलिंडरच्या, तोंडाशी गेज धरून स्टार्टर फिरवला जाई. येथे आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आले याला महत्त्व. दहा टक्क्यांच्या आतबाहेर असले तर ठीक, एकच भांडे बरेच मागे पडले तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचे. तेलाने दाब वाढला तर रिंगा दोषी, कारण तेलाने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तासाभराचे हे काम आणि त्याची मजुरी यांच्याकडे काणाडोळा करून लाखांचे व्यवहार करणारी सुशिक्षित माणसे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते.

नव्या गाड्यांसाठी याच्या जोडीला स्कॅनर हवा. पिवळा दिवा घालवण्याचा सोपा उपाय म्हणजे बॅटरीची तार काढून पुन्हा लावणे किंवा स्कॅनरने नोंद पुसणे. पण नोंद पुसली की इंजिनाच्या संगणकातील स्वयंतपासणीचे सारे खातेही कोरे होते आणि ते पुन्हा भरायला कित्येक किलोमीटर निरनिराळ्या वेगांनी गाडी चालावी लागते. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्कॅनर ही अवस्था दाखवतो. दोष एकही नाही आणि तपासण्या मात्र 'अपूर्ण', असे दिसले तर काल-परवाच कोणीतरी पाटी पुसली आहे हे निश्चित.

पुण्यामुंबईच्या गाड्यांपुरता सीएनजीचा एक स्वतंत्र अध्याय आहे. हा वायू कोरडा. द्रव पेट्रोलाने व्हॉल्व्हच्या बैठकीला जे थोडे शैत्य आणि लेपन मिळते ते त्यात नाही. म्हणून कंपनीतून सीएनजीसह निघालेल्या गाड्यांत या बैठका अधिक कठीण धातूच्या बसवतात. बाहेरून किट लावलेल्या गाडीत ती सोय नसल्याने बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट नाहीशी होते, आणि एके दिवशी सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरू लागते. होंडासारख्या, टॅपेट हाताने जुळवावे लागणाऱ्या इंजिनांत तर ही जुळवणी वेळेवर न झाल्यास व्हॉल्व्ह जळतो. किट असलेली गाडी घेऊ नये असे माझे म्हणणे नाही; किट काढून 'शुद्ध पेट्रोल' म्हणून विकलेली गाडी मात्र घेऊ नये. डिकीच्या तळाला टाकी बसवण्यासाठी पाडलेली भोके, बॉनेटखाली वायू भरण्याच्या तोंडासाठी लावलेली अनाथ पट्टी, इनटेकच्या नळीत बुजवलेले छिद्र, या खुणा पुसणे कोणालाच पूर्णपणे साधत नाही.

पुरात बुडालेल्या गाड्यांविषयीही दोन शब्द. २००५ सालच्या २६ जुलैला मुंबईत, २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१च्या जुलैत चिपळुणात ज्या मोटारी पाण्याखाली गेल्या, त्या सगळ्याच भंगारात गेल्या असे मानणे भाबडेपणाचे. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात शिरलेल्या पाण्यावर इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न झाला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी काही महिने चालतेही. अशी गाडी ओळखायची तर बक्कल धरून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. जो भाग एरवी कधीच बाहेर येत नाही तेथे चिखलाची रेघ उमटलेली असेल तर विषय तेथेच संपवावा.

अलीकडे इथेनॉलची चिंता फार बोलून दाखवली जाते. आपल्याच साखर कारखान्यांतून निघणारे हे द्रव्य पेट्रोलात वीस टक्के मिसळले जाऊ लागले, आणि १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे रबर व धातू ते सोसतील अशा बेताने बनवले जाऊ लागले. त्यापूर्वीच्या गाडीचे इंजिन या पेट्रोलाने उद्याच बंद पडेल ही भीती अतिशयोक्त आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलाच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्याने मायलेज काहीसे घटणे क्रमप्राप्त. खरी काळजी जुन्या रबरी नळ्यांची, ऑरिंगांची आणि महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीची, कारण इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते. कार्बुरेटरच्या जमान्यातली गाडी हौसेने घेणाऱ्याने तेवढ्या नळ्या बदलून घ्याव्यात.

कागदपत्रांचा मामला स्वतंत्र लेखाचा आहे, येथे इंजिनापुरतेच. इंजिनावर कोरलेला क्रमांक फडक्याने पुसून नोंदणीपत्राशी अक्षरशः ताडून पाहावा, कारण बदललेल्या इंजिनाची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात झालेली नसेल तर हस्तांतरणाचा अर्ज अडतो. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. तेरा वर्षांच्या गाडीची किंमत करताना हा खर्च विसरू नये. मीटरवरील किलोमीटरांवर विसंबण्यापेक्षा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडील नोंदी मागाव्यात. त्यांत वर्षाला एकदा तेल बदललेले दिसले तर नाशिक-पुणे जाऊन-येऊन लाखभर किलोमीटर झालेली गाडी, दादर-माटुंग्याच्या गर्दीत धडपणे न तापता तीस हजार किलोमीटर झालेल्या गाडीहून खुशाल अधिक विश्वासाने घ्यावी.

गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच तेल आणि त्याचा फिल्टर, हवेचा फिल्टर, कूलंट आणि प्लग बदलून घ्यावेत, पट्ट्याचे इंजिन असून बिल मिळाले नसेल तर पट्टा, त्याचा टेन्शनर आणि त्याच कामात उघडा पडत असेल तर वॉटर पंपही. या सगळ्याचा अंदाज फिटरकडून आधीच लिहून घेऊन तो कागद किंमत ठरवताना विक्रेत्याच्या पुढे ठेवावा; निम्मी रक्कम तरी तो कमी करतो.